डोल्गोची जेली आणि काकूंचं लोणचं

प्रिय पक्या,

लेका, तू विचारलंस ना इकडे कॅनडात विनिपेगला मागच्या अंगणात काय लावलंस, तर मी काहीच नाही लावलं, घर घेतलं त्याच्यासोबतच एक झाड आलं, क्रॅबॲपल, म्हणजे छोट्या आंबट सफरचंदाचं. जात डोल्गो. मला आधी वाटलं डोलतं म्हणून डोल्गो की काय, पण नाही, रशियनमध्ये लांब असा अर्थ आहे म्हणे, कारण फळ गोल नसून लांबट असतं. आवळ्याएवढं, गडद लालभडक, लांब देठाला लटकलेलं. झुपकेच्या झुपके, खरंच अंगणात कुणी तोरणं बांधलीयत असं दिसतं.

याची स्टोरी भारी आहे. साउथ डकोटात हॅन्सन नावाचे प्रोफेसर होते, जन्माने डॅनिश, त्यांना अमेरिकन सरकारने १८९७ मध्ये थंडीत टिकणारी झाडं हुडकायला रशियाला धाडलं होतं, तिकडनं आणलेल्या बियांमधून हे निघालं आणि १९१७ साली लोकांना लावायला मिळालं. म्हणजे शंभरावर वर्षं झाली. इथे उणे पस्तीसला माझी गाडी स्टार्ट व्हायला नखरे करते आणि हे बाहेर उघडं उभं, मे महिना संपत आला की आपलं पांढऱ्या फुलांनी भरून मोकळं! शेजारच्यांची सफरचंदं धरतात त्यात आमच्या झाडाच्या परागाचा पण हात आहे, पण एक पेटी कधी आली नाही हो तिकडून.

ऑगस्टअखेर फळ पिकलं की मात्र अजिबात थांबत नाही, धडाधड गळतं, मग गांधीलमाश्या. म्हणून पटापट दोन बादल्या उतरवल्या आणि एकीची जेली केली. पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करतं ते, याच्यात अंगचंच एवढं असतं की पावडर लागत नाही. फळं बुडतील इतक्याच पाण्यात शिजवायची, फडक्यात बांधून रात्रभर टांगायची, नुसता रस गळू द्यायचा. आता मी जन्मभर काय टांगलंय तर चक्का, सवयीने दिला ना पिळून! सगळी जेली गढूळ. दुसऱ्या घाण्याला हात पाठीमागे बांधून बसलो अक्षरशः, एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर, तर बरणी उजेडात धरली की पलीकडची खिडकी दिसते, लाल. चव आंबट-गोड आणि मागून किंचित तुरट, अगदी करवंदाची आठवण.

आणि पत्राचं खरं कारण तेच. काकू करवंदाचं लोणचं घालायच्या ना, मेथी-मोहरीचं, ते याचं होईल का विचार. बिया काढायच्या की अख्खंच टोचून घालायचं, आणि मीठ किती, 'अंदाजाने' असं सांगू नका म्हणावं. दुसरी बादली फ्रीजमध्ये आहे, बायको रोज दार उघडून माझ्याकडे बघते, तेव्हा लवकर कळव.

तुझा,
बाळ्या