बाबा, ती पुडी फेकू नका, सोबत घेऊन या

आई, बाबा,

नमस्कार. फोनवर बाबांच्या साखरेचा विषय निघाला की बाबा आवाज चढवतात मग मी पण चढवते आणि शेवटी आई मधे रडते, म्हणून आज लिहायलेय. आई, तू वाचून दाखव बाबांना, मधलं काही गाळू नको.

त्या दिवशीचं डोळ्यासमोरून जातच नाही. बाबा तुम्ही वावरातून आलात, तसेच ओसरीत टेकलात, चहा पण झाला, आणि मग आईला दिसलं की शहाबादी फरशीवर दारापासून बाजेपर्यंत रक्ताचे ठिपके. चपलेच्या तळातून बाभळीचा काटा आरपार गेलेला आणि तुम्हाला पत्ताच नाही. वर म्हणालात, दुखत नाही म्हणजे काही नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं तुम्हाला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवत गेले. चार ठिकाणी टेकवून झाला तरी तुम्ही विचारलंत, 'सुरू नाही केलं का अजून?' मी बाजूलाच उभी होते, पोटात एकदम गोळा आला माझ्या.

तुम्ही नेहमी म्हणता की माझं अंग मला सांगतं. सांगत होतं बाबा, मी लहानपणापासून बघितलंय, ताप यायच्या आधी तुम्हाला कळायचं. पण वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसाच बधिर केल्यात, आता काटा रुतला तरी सांगणार कोण? म्हणून या बाबतीत तरी मनाला वाटतं त्यावर सोडू नका हो.

साखरेच्या गोळ्या बंद करून तीन महिने बाजारातल्या त्या माणसाकडची काळी पुडी घेतलीत, आम्हाला कुणाला बोलला नाहीत. तपासणीच्या आधी दोन दिवस भात, गोड बंद केलं म्हणून उपाशीपोटीची साखर 118 आली आणि तुम्ही खुश. पण एचबीए1सी नावाच्या रक्ताच्या दुसऱ्या तपासणीत 10.4 निघालं, आधी 7.2 होतं. ती साखर रक्तातल्या लाल पेशींना चिकटून बसते आणि त्या पेशी 120 दिवसांच्या आसपास जगतात, म्हणून त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब निघतो, दोन दिवसांच्या पथ्यानं काही झाकत नाही.

मला राग आलेला, खोटं कशाला बोलू. पण परवा तुम्ही हळूच सांगितलंत की गोळीनं पोट बिघडायचं, एसटीत बसायची भीती वाटायची, आणि ते डॉक्टरला सांगायला गेलात तर त्यांनी मान वर न करता तीच गोळी परत लिहून दिली. हे ऐकून मला लई वाईट वाटलं. कारण बाबा, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं! मेटफॉर्मिननं, म्हणजे तुमच्या त्या साखरेच्या गोळीनं, खूप जणांचं पोट बिघडतं. ती जेवणासोबत घ्यायची असते, कमी डोसपासून हळूहळू वाढवायची असते, हळूहळू विरघळणारी पण मिळते तिनं त्रास कमी होतो. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. डॉक्टरनं ती दिली नाहीत, आणि बाजारातला तो माणूस अर्धा तास नाडी धरून बसला, तुमचं सगळं ऐकलं. तुम्ही त्याच्याकडं का गेलात ते मला आता कळायलंय.

पण त्या पुडीवर ना नाव, ना तारीख, ना काय घातलंय ते. असल्या पुड्यांत कधीकधी स्टिरॉइड नाहीतर साखरेचीच ॲलोपॅथी गोळी कुटून घातलेली सापडलीय. आणि गोळ्या म्हणजे निव्वळ केमिकल असं जे म्हणता ना, तर मेटफॉर्मिनचं मूळ पण एका झाडातच आहे. युरोपात गॅलेगा नावाचं झुडूप आहे, तिकडं लोक ते औषधाला वापरायचे. त्यातल्या एका घटकानं साखर उतरायची पण तो विषारी निघाला, मग त्याच्याच जातीचं सोसेल असं मेटफॉर्मिन तयार झालं आणि 1957 मधे फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी माणसांवर वापरून दाखवलं. म्हणजे झाडपाल्याशी माझं भांडण नाहीच, किती घ्यायचं आणि आत काय आहे ते कुणीतरी मोजलेलं पाहिजे एवढंच.

आईचं बघा की. हातपाय गार, केस गळायलेत, दुपारीच डोळे मिटायलेत, आणि डॉक्टर म्हणाले वयानं होतं, ताकदीच्या गोळ्या घ्या. आई तू ऐकलं नाहीस, 'हे वयाचं नाही, माझ्या अंगाचं मला कळतं' म्हणून दुसरीकडं गेलीस, रक्त तपासलं आणि थायरॉईड निघालं. तुझ्या मनानं तुला तपासायला नेलं. बाबांचं मन त्यांना तपासणीपासून लांब नेतंय, माझा जीव त्याच्यासाठी तुटतोय.

कारल्याचा रस प्यायचा तर प्या, फक्त डॉक्टरला सांगून, गोळीसोबत साखर जास्त उतरायला नको. ज्वारीची भाकरी, पहाटेचं फिरणं, संध्याकाळचा हरिपाठ यातलं काहीच सोडू नका, हरिपाठानंतर तुम्हाला झोप शांत लागते हे मला माहितीय.

शनिवारी सकाळच्या गाडीनं यायलेय. दुसऱ्या डॉक्टरची वेळ घेतलीय, आपण तिघं जाऊ. ती पुडी फेकू नका, पिशवीत टाकून सोबत घ्या, त्यांना दाखवू. पोटाचं तुमच्या तोंडानं सांगा, मी मधे बोलणार नाही, पण ते पूर्ण ऐकेपर्यंत खुर्चीवरून उठणार पण नाही. तोवर अनवाणी वावरात जाऊ नका. आणि आई, रोज रात्री दिवा जवळ घेऊन त्यांचे दोन्ही तळवे बघ, बोटांच्या बेचक्यात पण.

तुमची,
ताई