रक्तदान शिबिराची तारीख बदला, मे महिन्यात घ्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी कुठल्या ना कुठल्या क्लबच्या नाहीतर मंडळाच्या रक्तदान शिबिराची बातमी येते, फोटो येतो, इतक्या पिशव्या जमा झाल्या असं येतं. मी पण अशाच एका सेवाभावी क्लबचा बावीस वर्षांपासूनचा मेंबर आहे, पांढरकवड्याला माझं कृषी केंद्र आहे. त्यामुळं हे पत्र कोणावर टीका म्हणून लिहीत नाही, आमच्याच लोकांसाठी लिहितो आहे. विषय एकच, शिबिराच्या तारखेचा.

मागच्या वर्षी मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. रात्री साडेनऊला दुकान बंद करून जेवायला बसलो अन् फोन आला, झरीकडच्या एका गावातला शेतकरी, दरवर्षी माझ्याकडून सरकी नेतो तेवढी ओळख. "भाऊ, पोरीले मोठ्या दवाखान्यात आणलं. दोन पिशव्या लागते म्हणते डॉक्टर, अन् रक्त नाही म्हणते. माणसं आणा म्हणते. मी कुठून आणू माणसं?" पोरगी सातवीत, सिकलसेलची पेशंट, म्हणजे मायबापांकडून येणारा रक्ताचा आजार, आईकडूनही तोच दोष अन् बापाकडूनही तोच, म्हणजे एसएस.

मी लगेच क्लबच्या ग्रुपवर टाकलं, गावातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकलं, बी पॉझिटिव्ह पाहिजे म्हणून. पोरांनी फटाफट उत्तरं दिली, कोणी तोंड लपवलं नाही, पण उत्तर सगळ्यांचं एकच, "काका, १४ एप्रिलला दिलं ना आपल्याच शिबिरात." खरंच दिलं होतं. बाबासाहेबांच्या जयंतीचं शिबीर दरवर्षी लय मोठं होते, आमचा क्लब त्यात सोबत असतो, पोरं रांगा लावून देतात. पण एकदा दिलं की पुरुषाला ९० दिवस अन् बाईला १२० दिवस देता येत नाही. म्हणजे ही पोरं १३ जुलैपर्यंत बांधली गेली. अन् त्या दिवशी जमा झालेल्या पिशव्यांचं काय म्हणाल तर लाल पेशी टिकतात ३५ दिवस, पिशवीत जास्तीचं औषध असलं तर ४२ दिवस, ते पण फ्रिजमध्ये २ ते ६ डिग्रीत. १४ एप्रिलची पिशवी २६ मेच्या पुढं कोणाच्याच कामाची नाही. रक्त पण गेलं अन् देणारे पण अडकले, अन् पोरगी नेमकी त्याच आठवड्यात दवाखान्यात.

पहाटे चारला जीप काढली, मी, एक पंक्चरवाला पोरगा अन् झेडपीचे एक गुरुजी, आम्ही तिघंच असे निघालो की ज्यांनी एप्रिलमध्ये दिलं नव्हतं. तिथं रक्तपेढीत पहिले बोटाला टोचतात अन् तो थेंब निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडतात. ते पाणी म्हणजे मोरचुदाचं, मी दुकानात संत्रावाल्यांना बुरशीवरच्या बोर्डो मिश्रणासाठी विकतो तोच मोरचूद. थेंब सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, वरच तरंगत राहिला तर कमी. माझा गेला, त्या पोराचा गेला. गुरुजींचा थेंब मधात थांबला अन् हळूहळू वर आला. गुरुजी काही बोलले नाही, बाटलीकडं पाहत राहिले नुसते, एवढ्या दुरून आलेला माणूस.

अन् आपण दिलेली पिशवी लगेच पेशंटला लागते असंही नाही. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, सिफिलिस, मलेरिया एवढ्या तपासण्या झाल्याशिवाय ती बाहेर निघत नाही. तोपर्यंत पोरगी वॉर्डात गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, डोळे हळदीसारखे पिवळे, माय तिच्या नळगुड्यांवरून हात फिरवत होती अन् ती म्हणत होती हात नको लावू, दुखते. बाहेर पंचेचाळीस डिग्री. दुपारी तीन वाजता पहिली पिशवी लटकली.

आता सरकारी रक्तपेढीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या पेशंटला रक्त फुकट द्यायचं अन् बदल्यात माणूस मागायचा नाही असंच धोरण आहे. पण फ्रिजच रिकामं असलं तर ते धोरण कागदावरच राहते, तिथल्या टेक्निशियनवर ओरडून काही होत नाही, तो पण हात वर करते बिचारा. फ्रिज भरलेलं ठेवणं हे आपल्यासारख्या क्लबचं काम आहे.

उन्हाळ्यातच हे काहून होते ते पण सांगतो. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते अन् लवकर फुटते, चांगली पेशी १२० दिवस जगते तर ही दहा-वीस दिवसांतच संपते. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकडी होते, बारीक नसांमध्ये अडकते, मग ते असह्य दुखणं सुरू. मे महिन्यात तेंदूपत्त्याला नाहीतर रोजगार हमीवर गेलेल्या मायबापांसोबत लेकरू उन्हात फिरते, पाणी पुरेसं पोटात जात नाही, म्हणजे आपल्या भागात या पेशंटचा त्रास वाढायचा महिना हाच. अन् हाच महिना कॉलेजं बंद असायचा. आपल्या विदर्भात तर शाळा पण जूनच्या शेवटच्या आठवड्याशिवाय उघडत नाही, मग एनएसएसची पोरं कुठून आणणार? म्हणजे गरज वाढते तेव्हाच देणारे कमी होतात, दरवर्षी, अन् आपल्याला हे दरवर्षी माहीत असते.

आमच्या क्लबांचं एक आतलं कारण पण आहे, ते मोकळेपणानं सांगतो. लायन्स असो की रोटरी, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होते अन् ३० जूनला संपते. नवीन अध्यक्ष जुलैमध्ये खुर्चीवर बसला की उत्साहात असतो, जुलै-ऑगस्टमध्ये धडाधड कार्यक्रम होतात, झाडं लागतात, चष्मे वाटले जातात, १५ ऑगस्टला शिबीर, ऑक्टोबरच्या सेवा सप्ताहात परत शिबीर, २६ जानेवारीला परत. एप्रिल-मे येईपर्यंत वर्षाचा रिपोर्ट वर पाठवून झालेला असतो, वर्गणी संपलेली असते, जुना अध्यक्ष थकलेला अन् नवीन अजून बसलेला नसतो. मीही एक वर्ष अध्यक्ष होतो, माझ्या वर्षाच्या मे महिन्यात मी एकही कार्यक्रम घेतला नाही, लग्नसराई अन् खत-बियाण्याची बुकिंग यातच गेलो. त्या रात्री फोन ठेवल्यावर पहिले तेच आठवलं.

पोलिओच्या वेळी आम्ही बूथवर बसायचो, १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हापासून आमचे जुने मेंबर सायकलवर पोडापोडात, म्हणजे कोलामांच्या वस्त्यावस्त्यांत, जायचे, थर्मासात लस घेऊन. देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, अन् २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. तिथं ताकद यातच होती की एकाच रविवारी सगळीकडं डोस. रक्ताचं नेमकं उलटं आहे, इथं सगळ्यांनी एकाच दिवशी दिलं की वांधे होतात.

लोक म्हणतात मे महिन्यात एवढ्या उन्हात कोण येईन. येतात भाऊ. खेड्यातला पोरगा त्याच महिन्यात घरी असतो, पुण्या-नागपूरला शिकणारा पण सुट्टीत आलेला असतो, वावरात वखरणी सोडली तर काम नसते. एकदा मृग लागला अन् पाऊस पडला की पेरणीतून कोणी निघत नाही, म्हणजे जूनचा पहिला आठवडा संपायच्या आधीच काय ते करायला पाहिजे. शिबीर सकाळी ६ ते १० ठेवा, मंगल कार्यालय कूलरसहित मिळते, लिंबू-पाणी अन् मठ्ठा ठेवा. ३५० मिली रक्ताला दहा मिनिटं लागतात, पाणी पिऊन थोडा वेळ सावलीत बसला अन् त्या दिवशी उन्हात कष्टाचं काम केलं नाही तर निरोगी माणसाला काही होत नाही. ३० एप्रिलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती असते, गुरुदेव सेवा मंडळाचे लोक गावोगावी आहेत, त्यांना विचारलं तर मला नाही वाटत कोणी नाही म्हणेल.

आणखी एक बायांचं. आमच्या शिबिरात कापूस वेचणाऱ्या बाया नंबर लावतात अन् दहातल्या कितीतरी परत जातात, त्यांचा थेंब तरंगतो म्हणून. आम्ही त्यांना एक केळं देऊन "ताई, तुमचं रक्त कमी आहे" म्हणून घरी पाठवतो. अरे, तिला रक्त कमी आहे हे आपल्याला कळलं, मग तिथंच नाव लिहून आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरकडं यादी द्यायला काय जाते? लोहाच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात. यावर्षीपासून आमच्या टेबलावर त्याची वेगळी वही राहील.

तर आमच्या क्लबनं यावर्षी एवढं केलं आहे. २६ जानेवारीच्या शिबिरात ज्यांनी दिलं त्या सगळ्यांचे नंबर ब्लड ग्रुपप्रमाणे लिहून ठेवले, त्यातले पुरुष २६ एप्रिलला परत मोकळे होतात, बाया मेच्या शेवटच्या आठवड्यात. जयंतीच्या शिबिरात यांच्यातल्या कोणी परत द्यायचा प्रश्नच येत नाही, म्हणजे ही माणसं मे महिन्यासाठीच हातात राहतात. मेच्या दुसऱ्या रविवारी एक अन् चौथ्या रविवारी एक अशी दोन छोटी शिबिरं ठरली आहेत, रक्तपेढीला आधीच सांगितलं की आम्हाला दोनशे पिशव्यांचा आकडा नको, तुम्हाला ज्या ग्रुपच्या जेवढ्या पाहिजे तेवढ्याच घ्या, बाकीच्या पोरांना पंधरा दिवसांनी बोलवू.

एका क्लबानं होणार नाही हे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतल्या सगळ्या क्लबांनी, गणेश मंडळांनी, जयंती समित्यांनी एकदा सोबत बसून वर्षाचं कॅलेंडर वाटून घ्यावं, कोण कोणत्या महिन्यात. जागा अन् चहा आमच्या क्लबकडून.

तुम्हाला एकच विनंती संपादक साहेब, शिबिराच्या बातम्या छापता तशा मे अन् जूनमधल्या शिबिरांच्या तारखा आठ दिवस आधी छापा, फोटो नसला तरी चालते. त्या पोरीचा बाप पेपर वाचते, यावर्षी त्यालाही पहिलेच माहीत असलं पाहिजे की कोणत्या रविवारी कुठं रक्त जमा होणार आहे.

आपला,
एका सेवाभावी क्लबचा सदस्य
पांढरकवडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ