दार उघडल्यावरचा वास

जळगाव,
रविवार सकाळ

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहायला बसले. आई, फोन ठेवताना तुझा आवाज भरून आला होता, आणि मागून बाबांचं "राहू दे, राहू दे" मला ऐकू आलं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. मी वेगळी खोली घेतली हे तुम्हाला वहिनीकडून कळलं, यात चूक माझीच. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगू, असं म्हणत थांबले आणि थांबतच गेले. दिवाळीत चार दिवस तुमच्याजवळ होते. रोज रात्री ठरवायचे, उद्या सांगू. मग आई माझ्या केसांना तेल लावायला बसायची आणि माझं तोंडच उघडायचं नाही. मला माफ करा.

पण खोली घेतलीय, हे आता बदलणार नाही. अकरा महिन्यांचा करार झालाय, डिपॉझिटही दिलंय. दादावर माझा राग नाही आणि वहिनीवर तर मुळीच नाही. गणपतीत जे झालं ते तिथेच संपलं, तुम्हीही ते मनात ठेवू नका. दादाचं घर दोन खोल्यांचं, मोठीचं दहावीचं वर्ष, मी बँकेतून दमून येणार आणि ती पोर माझ्यासाठी पुस्तकं उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसणार. मला ते बघवत नव्हतं. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाते, आजही जायचंय, भरीत आहे. म्हणजे तुटलं-बिटलं काही नाही. थोडं लांबून नीट राहता येतं, एवढंच.

आई, तुला सगळ्यात जास्त लागलं ते नव्वद रुपयांच्या कॉफीचं, हे मला माहीत आहे. "पैसा काय झाडले लागतस का?" असं तू म्हणालीस आणि मी चिडले. चिडायला नको होतं. तुझ्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. तर आता हिशेबच देते. आठवड्यातून दोनदा जाते, मंगळवारी आणि शुक्रवारी. नव्वदची एक कॉफी, बाकी काही घेत नाही. महिन्याचे झाले सातशे वीस. रिक्षा सोडून चालत जायला लागल्यापासून त्याहून जास्त वाचतात. आरडी चालू आहे, विम्याचा हप्ता भरलाय, दादाच्या मोठीच्या क्लासचे माझ्या वाटणीचे पैसेही दिलेत.

हे कॅफे म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर येतं तसं अंधारातलं, गाणी लावलेलं नाही गं. महाबळच्या बाजूला एका जुन्या घराच्या पुढच्या पडवीत आहे. पाच टेबलं, समोर कडुनिंब. चालवणारा मुलगा पाचोऱ्याकडचा, चार वर्षं पुण्यात काम शिकून आला. कॉफीचे दाणे तिथल्या तिथे दळतो, तो वास रस्त्याच्या पलीकडे येतो. मग दूध तापवतो, पण उकळू देत नाही. साठ-पासष्ट अंशांवर थांबवतो, त्याच्या पुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो म्हणतो. भांड्याला तळहात लावून त्याला ते कळतं. तू तव्यावर हात धरून भाकरी टाकायची वेळ ओळखतेस ना, अगदी तसं. पहिल्यांदा ते बघितलं आणि मला तूच आठवलीस.

मी खिडकीजवळ बसते. बाबा, तुम्हाला स्टेशनजवळचं ते हॉटेल आठवतं? पगाराच्या दिवशी आपल्याला न्यायचात. आत 'फॅमिली रूम' होती, हिरवा, तेलकट झालेला पडदा. पोहे-जिलेबी यायची. तुम्ही बाहेरच्या बाकावर ओळखीच्यांशी बोलत बसायचात आणि आम्ही पडद्याच्या आत. आई पडदा नीट लागलाय ना ते बघायची, मगच चहा बशीत ओतायची. मी पडद्याच्या फटीतून रस्ता बघायचे, टांगे, सायकली, गाडी आली की पळणारी माणसं. मला तेव्हा वाटायचं, आईलाही हे दिसायला हवं. आता जळगावात एक बाई एकटीच खिडकीत बसून तासभर कॉफी पिते आणि कुणी वळूनही बघत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर दोन निवृत्त शिक्षिका येतात, एक कॉफी दोघींत घेतात आणि घरी जाताना भाजी काय करायची ते ठरवतात. आई, तुला तिथे बसवायचंय मला. मी नव्वद रुपये देते ते त्या खिडकीचेही आहेत.

आता वासाचं.

हे सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. काळजी करणार नसाल तरच पुढे वाचा. खोलीत पहिले पंधरा दिवस मला कुलूप उघडायला नको वाटायचं. आत कसलाच वास नसायचा. नवा रंग आणि फिनाइल, बस. आपल्या घरी संध्याकाळी दार उघडलं की आधी फोडणीचा वास येतो, मग देवघरातला, मग बाबांच्या शर्टाचा. बाबा, तुम्ही कंपनीतून यायचात तेव्हा शर्टाला तेला-साबणाचा वास असायचा. लोक म्हणतात, १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्यातून विप्रो एवढी मोठी झाली. मला त्यातलं काही कळायच्या आधी कंपनी म्हणजे तो वास, आणि तो आला की खिशातली लिमलेटची गोळी. शेअरचा विषय मी काढत नाही. तुम्ही ते तेव्हा का विकलेत ते मला कळत होतं, आणि माझ्या फीची पावती अजून माझ्याजवळ आहे.

तर सांगत काय होते, त्या खोलीला वास नव्हता. मग बँकेतल्या मैत्रिणीने एक बाटली दिली. तळाशी सुगंधी तेल आणि त्यात वेताच्या सात-आठ काड्या. काडीच्या आत बारीक नळ्या असतात, कंदिलाची वात रॉकेल ओढते तसं तेल वर चढतं आणि हळूहळू हवेत उडतं. जाळ नाही, धूर नाही, वीज नाही. मी मोगऱ्याची लावलीय. दार उघडलं की आधी ती भेटते. आई, खरं सांगते, त्या दिवसापासून कुलूप उघडताना हात थांबत नाही. एक बाटली दोन महिने जाते, साडेतीनशेची. उन्हाळ्यात आपल्याकडे लवकर आटेल, तेव्हा चारच काड्या ठेवीन. एक मेणबत्तीही आहे, सोयाबीनच्या मेणाची, दालचिनीच्या वासाची. ती फक्त थंडीत. ते मेण पन्नास अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात कपाटातल्या कपाटात बसकण मारेल. वात नखाएवढी कापून लावते, पडद्यापासून लांब ठेवते आणि झोपण्याआधी विझवते. विचारणार होतीस ना? दिलं उत्तर.

आणि वास ही चैन आहे असं निदान तू तरी म्हणू नकोस. २०२१ चा तो उन्हाळा आठव. ताप उतरला, खोकला गेला, पण तुझा वास गेला तो गेलाच. दूध करपून भांडं काळं झालं आणि तू त्याच्याशेजारी उभी राहून भाजी निवडत होतीस. गॅस गळला तरी कळणार नाही म्हणून बाबा रात्री तीनदा उठून बटण बघायचे. गॅसला तो घाणेरडा वास मुद्दाम घातलेला असतो, कळावं म्हणून, आणि नेमका तोच तुला येत नव्हता. डॉक्टरांनी चार वास सांगितले होते: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वीस सेकंद हुंगायचा, मन लावून, तो कसा असतो ते आठवत. तू म्हणायचीस, हे काय पोरखेळ. मी चार डब्या धरून तुझ्यासमोर बसायचे. सात आठवडे काही नाही. मग एका सकाळी तू लवंगेची डबी नाकाशी धरलीस, डोळे मिटलेस आणि हळूच म्हणालीस, "मोठ्या मायच्या बटव्यासारखं काहीतरी येतंय." बाबा दाराशी होते, ते आत न येताच अंगणात निघून गेले. त्या दिवसापासून मला वासाला किंमत नाही असं कुणी म्हटलेलं चालत नाही.

आता थोडं रागावते, ऐकून घ्या.

आई, देवघरातल्या उदबत्त्या बंद. पूर्ण बंद, एकही नाही. बाबांना दमा आहे आणि तू सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वर गुरुवारी धूप, अशी ती खोली भरून टाकतेस. वास चांगला असला तरी धूर तो धूरच, छातीत जायचा तो जातोच. डासांची कॉइलही नको, मच्छरदाणी लावा, कपाटाच्या वरच्या खणात आहे. देवाला फूल चालतं, तुपाचं निरांजन चालतं, चंदन सहाणेवर उगाळलंस की घरभर दरवळतं. देव रागावणार नाही. माझ्यासारखी काड्यांची बाटली तुमच्याकडे मुद्दामच पाठवत नाहीये, कारण धूर नसला तरी उग्र सुगंधाने दम लागू शकतो. तुमच्या घराला वाळाच बरा. माठात एक जुडी टाक, तांदळाच्या डब्याएवढी मोठी नको. उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या मी स्वतः येऊन बसवून देईन. आपली हवा कोरडी, म्हणून त्या इतका गारवा देतात. मात्र त्या कुबट झाल्या की बदलायच्या, "अजून एक वर्ष चालतील" हे बाबांचं वाक्य चालणार नाही.

बाबा, पंप सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. घेतल्यावर चूळ भरायची. डोळ्याचे थेंब लिहून दिलेत तोवर चुकवायचे नाहीत. गच्चीवर एकट्याने चढायचं नाही. आणि सकाळी फिरायला जाताना मफलर, हा शब्द मी तिसऱ्यांदा लिहितेय असं समजा.

तुमच्यासाठी एक वस्तू आणलीय, पण ती इथे माझ्याकडेच राहील. मातीच्या अत्तराची बारकी कुपी. कनौजला भाजलेली माती तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर तापवतात, तिची वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात आणि त्या तेलाला पहिल्या पावसाचा वास येतो. मृगाचा पहिला शिडकावा झाला की तुम्ही जेवता जेवता उठून अंगणात जायचात, हात तसाच खरकटा, आणि आई ओरडायची. दुकानात कुपी उघडली आणि मला तुमचा तो हात दिसला. आधी लांबून हुंगून बघा. खोकला आला तर लगेच झाकण लावू.

मी रोज जेवते. भाकरी मला आता बऱ्यापैकी येते, कडा फुटतात पण पापुद्रा सुटतो. शेंगदाण्याची चटणी आहे, कळण्याचं पीठ अजून पुरतंय. पाणी सकाळी येतं. घरमालकीण काकू खाली राहतात, रात्री नऊनंतर मी आले नसेन तर फोन करतात. दाराला आतून दोन कड्या आहेत. रात्री तुम्हाला वाटेल पोर एकटी आहे. आहे एकटी, पण उदास नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी आहे. तुम्ही दोघं सकाळच्या गाडीने या, आदल्या दिवशी तिकीट काढून ठेवा. मी स्टेशनवर येईन, पायऱ्या हळू उतरू. दुपारी दादाकडे जेवण, वहिनी वरण-बट्टी करणार आहे, मी तिच्याशी बोलले. संध्याकाळी खिडकीतलं टेबल सांगून ठेवते. आईसाठी साधा चहा मिळतो का, विचारलं. तो मुलगा म्हणाला, करून देतो, बशीसुद्धा देतो. पैसे मी आजच देऊन टाकलेत, त्यामुळे "कशाला, कशाला" करण्यात अर्थ नाही.

येताना डबे-बिबे बांधू नका, ओझं होतं. फक्त माझी गोधडी आणा, मोठ्या मायने शिवलेली, पेटीत तळाशी आहे. आई, उन्हात टाकू नकोस आणि धुवूही नकोस. आहे तशीच आण.

तुमची,
माई