‘कोणाच्या तुलनेत?’ विचारायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न.

तुम्ही शिकवलेलं पुष्कळ आहे. पण आभार मानायचे आहेत ते मुख्यतः एका सवयीसाठी: कुठलाही आकडा समोर आला की ‘कोणाच्या तुलनेत?’ असं विचारायची. साथरोगशास्त्र (आजार कोणाला, किती आणि का होतात याचा अभ्यास) म्हणजे व्याख्या घोकायचा विषय, अशी त्याची ख्याती. तुमच्या तासाला मात्र आम्ही भांडायचो.

लंडनच्या दुमजली बसचा तास तर विसरणं शक्यच नाही. निष्कर्ष तुम्ही आधी सांगितलाच नाहीत. एकाच बसमधली दोन माणसं, ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर सतत जिना चढत-उतरत. हृदयविकार कोणाला जास्त, एवढंच विचारलंत. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी 1953 साली उत्तर दिलं: ड्रायव्हरना. आम्ही ‘व्यायाम!’ म्हणून मोकळे झालो, आणि तुम्ही तिथेच अडवलंत. नोकरीला लागतानाच ड्रायव्हर जाड असतील तर? पुढे मॉरिस आणि सहकाऱ्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या, तेव्हा ड्रायव्हरच्या विजारी खरंच कमरेला मोठ्या निघाल्या! शिंप्याच्या मापांतून हृदयाचा शोध घेता येतो, हे ऐकून वर्ग थक्क झाला होता. मग तुम्ही टपाल खात्याकडे वळलात. तिथेही पत्रं वाटत फिरणाऱ्या पोस्टमनपेक्षा बसून काम करणाऱ्यांना धोका जास्त होता. एका पुराव्यावर न थांबता दुसरीकडे तेच दिसतं का, हे पाहायचं असतं, हे तेव्हा नीट समजलं.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातला हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास (1948 पासून, सुरुवातीला 5,209 माणसं) तुम्ही एका तासात आटोपलात. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांच्या 1985 च्या लेखाला मात्र भरपूर वेळ दिलात, आणि ते योग्यच होतं. फार धोका असलेल्या मूठभरांपेक्षा थोडा धोका असलेल्या असंख्य लोकांतून रुग्ण अधिक येतात, हा त्यांचा मुद्दा आज माझ्या कामाचा पाया आहे. रक्तदाब तपासून गोळ्या देणं हवंच. पण सगळ्यांच्याच खाण्यातलं मीठ थोडं कमी झालं, तंबाखू मिळणं अवघड झालं, तर ज्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत तेही वाचतात. बैठकीत हे पटवून द्यायला मला बळ येतं ते तुमच्यामुळे.

सध्या नव्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी फिनलंडच्या नॉर्थ करेलिया भागात हृदयविकार कमी करण्यासाठी राबवलेल्या प्रकल्पावर तुमच्या पद्धतीनं एक तास रचते आहे. 1972 साली प्रकल्प सुरू होण्याआधी तिथे काय परिस्थिती होती, एवढंच आधी सांगणार. उपाय त्यांनी शोधायचे. मसुदा पाठवते. लाल पेन हातात घेऊनच वाचा.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी