शंभर डोसांची कुपी आणि अंगणातल्या कोंबड्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात कुक्कुटपालनावर अधूनमधून लेख येतात. मी त्यांची कात्रणं काढून ठेवते. त्यांत हजार-पाच हजार पक्ष्यांच्या शेडचं सगळं असतं. पण सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या आमच्यासारख्या डोंगरातल्या वाडीत घरटी दहा-वीस कोंबड्या असतात. दिवसा अंगणात, परड्यात, उकिरड्यावर आणि रात्री खुराड्यात. त्यांना घरघर लागली तर काय करायचं, ते या लेखांत सापडत नाही. दोन-अडीच वर्षांत सोसून जे कळलं ते लिहितेय, आणि एक मागणीही आहे.

दोन वर्षांपूर्वी आखाड करायचा म्हणून मी आठवडी बाजारातून तांबडा कोंबडा आणला. बाजार बुधवारचा, आखाड रविवारी. मधले चार दिवस तो आमच्याच कोंबड्यांत सोडला. दिसायला ठणठणीत होता. रविवारी कापला, पाहुणे जेवून गेले. पुढच्या गुरुवारी माझी काळी कोंबडी, नुकतीच अकरा अंड्यांवर खुडूक बसलेली, मान लांब करून, चोच उघडून श्वास घ्यायला लागली. प्रत्येक श्वासाला घशातून बारीक शिट्टी यायची. जाऊबाई म्हणाल्या, गारठा लागलाय. आम्ही लसूण ठेचून, हळद-गुळाची गोळी करून भरवली. दुकानातून कुणी सांगितलेली पिवळी पूड आणून पाण्यात कालवली. दुसऱ्या दिवशी हिरवट पातळ हगवण सुरू झाली, तुरे काळवंडले. मग काहींच्या माना वळल्या. दाणा टिपायला जायच्या आणि चोच दाण्याच्या शेजारी जमिनीवर आपटायची. पुन्हा टिपायच्या, पुन्हा चुकायच्या. ते बघवत नव्हतं. 23 पैकी 19 गेल्या. अंडी काळीखालीच गार पडली.

ती मानमोडी होती. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात ती 1927 साली कुमाऊंतल्या राणीखेतला ओळखली गेली. विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. माझी पिवळी पूड जंतूंवरची होती, तिचा विषाणूवर काही उपयोग नव्हता. लस मात्र आहे, आणि ती आजची नाही. आमच्या आजीच्या पिढीपासून आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकात लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्याला पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली सुई.

मग मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. साहेब म्हणाले, लस आहे, पण कुपी शंभर कोंबड्यांची. फोडून पातळ केली की दीड-दोन तासांत संपवायची, नंतर तिचा उपयोग नाही. उरलेल्या चार कोंबड्यांसाठी ती कशी फोडू? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तिथेच सगळं अडलंय. वाडीत एकूण कोंबड्या शंभराच्या घरात असतात, पण त्या दहा घरांत वाटलेल्या, आणि प्रत्येक घर एकटंच दवाखान्यात जातं, तेही कोंबडी घरघरायला लागल्यावर.

घरघरीबद्दलही सांगायला हवं, कारण आमच्याकडे सगळ्याला एकच नाव, गारठा. रात्री कोंबड्या शांत झाल्या की मी बॅटरी न लावता खुराड्याच्या फळीला कान लावून उभी राहते. निरोगी कोंबडी झोपेत आवाज करत नाही. एखादीची घरघर ऐकू आली की सकाळी तिला वेगळी काढते आणि उजेडात नीट बघते. गेल्या वर्षी दोघींच्या डोळ्यांच्या कडेला साबणासारखा फेस होता, नाकात शेंबूड होता, पण दाणा खात होत्या, फक्त अंडी कमी झाली होती. डॉक्टरांनी बघून सांगितलं, हा मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा जुनाट श्वासविकार, यावर औषध चालतं. पाच दिवस दिलं, आराम पडला. मात्र हा रोग अंगातून पुरता जात नाही आणि अंड्यातून पिल्लांत उतरतो, म्हणून त्या दोघींची अंडी आता उबवायला ठेवत नाही. औषधाचे दिवस आणि डॉक्टरांनी सांगितलेले पुढचे दिवस अंडी कुणालाच दिली नाहीत, घरातही खाल्ली नाहीत. बचतगटातल्या एकीच्या कोंबड्यांचं तोंड एका बाजूने सुजलं होतं आणि नाकातलं पाणी घाण मारत होतं. तो कोरायझा नावाचा वेगळाच रोग, त्याचं औषध वेगळं. म्हणून एकीची पुडी दुसरीने मागून नेऊ नये, हे मी गटात कळकळीने सांगते.

आणि कधीकधी रोगापेक्षा खुराडंच जबाबदार असतं. आमच्याकडे चार महिने पाऊस थांबत नाही. खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं होतं, त्यात विष्ठा कुजते. सकाळी वाकून दार उघडलं की आपल्याच डोळ्यांना झोंबतं. आपल्याला दारात क्षणभर झोंबणारा तो वास कोंबडीच्या छातीत रात्रभर जातो, आणि अशी छाती कुठलाही रोग लगेच धरते. आता मी फळ्या विटांवर उचलून घेतल्यात, वरच्या बाजूला वीतभर जाळी ठेवलीय आणि तूस आठवड्याला बदलते. बुरशी धरलेला पेंढा तर पिल्लांखाली कधीच घालू नये. पिल्लं आवाज न करता नुसत्या धापा टाकतात आणि जातात. उन्हाळ्यातली धाप मात्र वेगळी. भर दुपारी सगळ्याच चोच उघडून पंख सैल सोडून बसत असतील आणि सावली-पाण्याने संध्याकाळी नीट होत असतील, तर तो उन्हाचा त्रास आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही बचतगटाच्या बायकांनी घरोघरची यादी केली. 9 घरं, 86 कोंबड्या. ती यादी घेऊन पुन्हा दवाखान्यात गेलो. पशुधन पर्यवेक्षक पहाटे साडेपाचला आले, कुपी बर्फासकट थर्मासात. वेळ मुद्दाम ती, कारण खुराडं उघडायच्या आत कोंबडी हाताला लागते, नंतर परडंभर पळावं लागतं. एकीने कोंबडी काखेत धरायची, मान आडवी करायची, वरच्या डोळ्यात एक थेंब, आणि कोंबडी डोळा मिटून उघडेपर्यंत सोडायची नाही. थेंब ओघळला तर पुन्हा. आजारी दिसल्या त्या तीन बाजूला ठेवल्या. सात वाजेपर्यंत काम झालं. श्रावणात दुसरी फेरी झाली. यंदाच्या पावसात ओढ्यापलीकडच्या वाडीत मानमोडी आली, आमच्याकडे आली नाही. बाजारातून आणलेली कोंबडीही आता तीन आठवडे अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला डाल्याखाली राहते, आणि आधी घरच्यांना दाणापाणी करून मगच मी तिच्याकडे जाते.

एक गोष्ट मात्र लोकांच्या मनातून जात नाही. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. ती धास्ती अजून आहे. मर पडली की लोक दवाखान्यात कळवत नाहीत, आजारी कोंबडी घाईने कापून खातात आणि मेलेली ओढ्यात टाकतात. कुत्री ती दुसऱ्या वाडीत नेतात. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, डॉक्टरांनाही तपासणी करावी लागते. म्हणून एकदम तीन-चार कोंबड्या गेल्या तर त्याच दिवशी कळवावं, मेलेलीला उघड्या हातांनी शिवू नये, पोरांना जवळ जाऊ देऊ नये. तपासणीसाठी ताजी मेलेलीच लागते, कुजल्यावर तिच्यातून काही कळत नाही. नमुना दिल्यावर बाकीच्या मेलेल्या डॉक्टर सांगतील तशा खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात.

आता मागणी. सरकार अनुदानावर 25 तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि 3 नरांचे गट देतं, ते चांगलंच आहे. पण त्या घरी आल्यावर पुढची लस कुठे आणि कधी, हे बाईला कुणी सांगत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने दर तीन महिन्यांनी कोंबड्यांच्या लसीचा एक दिवस ठरवावा, यादी बचतगटांकडे द्यावी आणि पशुसंवर्धन विभागाने त्या पहाटे माणूस आणि कुपी पाठवावी. आपल्या दैनिकाने तालुक्याच्या बातम्यांत ती तारीख छापावी, जशी वीज बंद राहण्याची वेळ छापता तशी. गावठी अंडं आज आमच्याकडे पंधरा रुपयांना जातं. त्यावर पोरांच्या वह्या येतात, आजारपणाची गोळी येते. हा पैसा नवऱ्याला विचारून खर्च करावा लागत नाही, हेही लिहून ठेवते.

आमची तिसरी फेरी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी आहे. यादी 104 वर गेलीय, म्हणजे कुपी दोन लागतील. दुसरीतले चार डोस आम्हाला पुरतात. बाकीचे 96 त्याच पहाटे ओढ्यापलीकडच्या वाडीने घ्यावेत, म्हणून परवा तिथल्या पोलीस पाटलांना भेटून आले. त्यांनी घरोघर विचारून सांगतो म्हटलंय.

आपली,
एक कोंबडीपालक वाचक, जि. सातारा