विज्याची ईको आणि तुझी सही

मिरज
रविवार, दुपार

प्रिय मंदे,

फोनवर सांगितलं असतं, पण तू अर्ध्यात "म्हणजे चूक माझ्या भावाचीच ना" म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच, कारण मधल्या भागात तुझं नाव येतं. इकडे सगळे बरे. ह्यांची शुगर आहे तिथेच आहे, आईंचा गुडघाही आहे तिथेच आहे. पुढे.

तुझा भाऊ विज्या येऊन गेला. त्याला केटरिंगसाठी सेकंडहँड ईको व्हॅन घ्यायचीय. दर लग्नाला पातेली-शेगड्या न्यायला छोटा हत्ती भाड्यानं घेतो, त्यात नफा जातो, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. गाडी 4,20,000 ची, हातात 1,20,000, उरलेल्या तीन लाखांचं कर्ज हवं. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, 618. एका एजंटानं "सिबिल क्लिअर करून देतो, पंधरा हजार द्या" म्हणून सांगितलंय आणि कोरे चेक मागितलेत. विज्या ते द्यायला निघाला होता. मी चेकबुक काढून घेतलं आणि त्याला पोहे दिले.

मंदे, सिबिल कुणी क्लिअर करून देत नाही. खरी नोंद कुणाला खोडता येत नाही, आणि खोटी नोंद खोडायला पैसे लागत नाहीत. आपण कर्ज कसं फेडलं त्याचा रिपोर्ट चार कंपन्या ठेवतात: सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, 2017 पासून. चारही काढायचे, कारण कर्ज देणारा कुठला बघेल ते आपल्या हातात नाही. आपला आपण काढला तर स्कोअर कमी होत नाही.

आकडा 300 ते 900 मधला असतो, साडेसातशेच्या वर असला की साहेब उठून खुर्ची देतात. पण आकड्याकडे बघत बसून उपयोग नाही, त्याच्यामागच्या नोंदी वाचायच्या. विज्याच्या रिपोर्टात चार भानगडी निघाल्या.

पहिली भानगड त्याची नाहीच. कुठल्याशा शाखेतलं थकलेलं सोनेतारण कर्ज त्याच्या नावावर लागलंय. आपल्या भागात "विजय पाटील" अशी हाक मारली तर अर्धं मार्केट यार्ड मागे वळून बघतं. त्या कर्जाला पॅन जोडलेला नसणार, नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून ह्याच्या फायलीत येऊन पडलं. ह्याला उपाय आहे. सिबिलच्या साइटवर "हे खातं माझं नाही" म्हणून डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकायचा, आणि त्या बँकेच्या शाखेत पॅनच्या प्रतीसह लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. सिबिल स्वतःहून काही काढत नाही. ते बँकेला विचारतात, बँकेनं मान्य केलं की नोंद निघते. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा नियम. तरी हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फोन 14448. 2022 पासून ह्या रिपोर्टवाल्या कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्यात. एकीकडे नोंद सुधारली म्हणजे चारीकडे सुधारली असं मात्र धरायचं नाही, महिन्यानं पुन्हा बघायचं.

दुसरी, क्रेडिट कार्ड. मॉलमध्ये कुणीतरी फॉर्म भरून घेतला, कार्ड घरी आलं, ह्यानं पाकीट न उघडता देवघराच्या खणात ठेवलं. वार्षिक फी 1,180, त्यावर लेट फी, त्यावर व्याज, आणि दर महिन्याला थकबाकीची नोंद. कार्ड चालू केलेलंच नसेल तर त्याची माहिती रिपोर्टात पाठवता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांत स्पष्ट आहे. म्हणून घाबरून पैसे भरायच्या आधी बँकेला लिहायचं: कार्ड कधीच चालू केलं नाही, फी रद्द करा, खातं बंद करा, नोंद काढा. पाकीट अजून चिकटलेलंच आहे. त्याच्या आळशीपणाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

तिसरी, चौकश्या. एजंटानं एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले. प्रत्येक अर्जाला कर्ज देणारा रिपोर्ट मागवतो, त्याची नोंद होते आणि प्रत्येक नोंदीनं स्कोअर थोडा खाली येतो. सहाव्या माणसाला वाटतं की आधीचे पाच जण नाही म्हणाले असणार. ह्याला औषध एकच, निदान सहा महिने कुठेही अर्ज नाही. गाडीच्या दुकानात "फक्त एलिजिबिलिटी बघतो" म्हणून पॅन मागतात, तिथेही द्यायचा नाही.

आणि चौथी, कर्जावर घेतलेला तो जुना टेम्पो.

तुला वाटतं ते प्रकरण मिटलं. मलाही वाटायचं. 2020 च्या ऑगस्टअखेर कोरोनातली हप्त्यांची सवलत संपली, लग्नं 50 माणसांत उरकत होती, केटरिंगवाल्यानं हप्ता कुठून भरायचा? टेम्पो ओढून नेला, लिलावात मातीमोल गेला, उरलेल्या रकमेत तडजोड झाली आणि कंपनीनं 38,000 सोडून देऊन पत्र दिलं. आपण पेढे वाटले. रिपोर्टात त्या खात्यापुढे "सेटल्ड" आहे. कर्ज देणारा अधिकारी त्याचा अर्थ एवढाच घेतो की ह्या माणसाकडून पूर्ण पैसे आले नाहीत. "क्लोज्ड" हवं होतं. खाली 36 महिन्यांच्या चौकटी असतात, हप्ता जितके दिवस थकला तेवढा आकडा, वेळेवर भरलं तिथे 000, आणि विज्याच्या चौकटींत 30, 61, 91 असे चढत गेलेले आकडे.

आता तुझं. त्या कर्जाला जामीन तू होतीस. जामीनदाराच्या रिपोर्टातही ते खातं दिसतं, फक्त पुढे "गॅरंटर" असं लिहिलेलं असतं. म्हणजे तुझ्याही रिपोर्टात तो टेम्पो उभा आहे. ऋचाच्या एमएसचं शैक्षणिक कर्ज तू आणि भाऊजी मिळून काढणार म्हणालीस ना? तिथे सहकर्जदार म्हणून तुमचे दोघांचे रिपोर्ट निघतील. बँकेच्या माणसानं टेबलापलीकडून सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. आजच तुझे चारही रिपोर्ट काढ.

हो, तेव्हा मी म्हटलं होतं. करार कायद्याचं कलम 128 वाचून दाखवलं होतं, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. तू म्हणालीस, "बहीण-भावात कलमं कसली आणतेस," आणि दिवाळीचा फराळसुद्धा पाठवला नाहीस. तो फराळ अजून येणं आहे. तो कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही, पण माझ्या वहीत आहे.

हे निस्तरता येतं. सोडून दिलेले 38,000 कंपनीला भरून खातं "क्लोज्ड" करून घेता येतं. पण क्रम चुकवायचा नाही. आधी कंपनीकडून लेखी घ्यायचं की अमुक रक्कम भरल्यावर खातं पूर्ण फेडल्याची नोंद सगळ्या रिपोर्ट कंपन्यांना कळवू आणि नो ड्यूज, म्हणजे काही येणं नाही असं पत्र, देऊ. त्यात कर्ज खाते क्रमांक आणि रक्कम हवी. मग पैसे, तेही थेट कर्ज खात्यात. वसुलीवाल्या पोराच्या मोबाइलवर एक रुपया पाठवायचा नाही, तो पोरगा पुढच्या महिन्यात दुसरीकडे नोकरीला असतो. पैसे भरले की पावती आणि नो ड्यूज घ्यायचं. 2025 पासून माहिती किमान दर पंधरवड्याला जाते, त्यामुळे महिना-दीड महिन्यात बदल दिसायला हवा, नाहीतर पुन्हा डिस्प्यूट. उशिराच्या चौकटी ह्यानं पुसल्या जाणार नाहीत, त्या जुन्या होत जातील तसं त्यांचं वजन कमी होतं.

38,000 कुठून आणायचे हा विज्याचा प्रश्न. त्याची पिग्मी चालू आहे पतसंस्थेत, मी विचारलंय. तू देऊ नकोस. देणारच असशील तर मला सांगू नकोस.

आता ईको. एजंटाच्या कागदावर लिहिलंय, तीन लाख, चार वर्षं, 11 टक्के. विज्या खूश, "ताई, 11 टक्के म्हणजे बँकेसारखंच की." ते 11 टक्के फ्लॅट आहेत. तीन लाखांवर चार वर्षांचं व्याज सरसकट 1,32,000, हप्ता 9,000. फेडत जाल तसं मुद्दल कमी होतं, पण व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण तीन लाखांवरच. घटत्या शिलकीवर तोच दर 19 टक्क्यांच्या वर जातो. शिवाय प्रोसेसिंग फी आणि कर्जाचा विमा मुद्दलातूनच कापतात, म्हणजे हातात तीन लाखही येत नाहीत.

तेच त्यानं थांबून रोख 1,70,000 केली आणि अडीच लाख तीन वर्षांसाठी घटत्या 14 टक्क्यांनी काढले असं धर. हप्ता साधारण 8,544, एकूण व्याज साडेसत्तावन्न हजार. हप्ता कमी, वर्ष कमी, व्याज निम्म्याहून कमी. स्कोअर पडका असला की कर्ज देणाऱ्याला दोनच गोष्टींनी धीर येतो, रोख जास्त आणि मुदत कमी. कुणाकडूनही घे, पण सहीआधी केएफएस, म्हणजे कर्जाच्या अटी-खर्चाचा तक्ता, माग असं मी त्याला बजावलंय. ऑक्टोबर 2024 पासून तो द्यावाच लागतो, समजेल त्या भाषेत, आणि त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो मिळाल्यावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस असतात. "आज सही नाही केली तर ऑफर गेली" म्हणणाऱ्याला जाऊ दे.

कुठे जायचं? जिथे त्याचं चालू खातं आहे त्या सहकारी बँकेत, पहिल्यांदा तिथेच. बाहेरच्याला 618 दिसतं, तिथल्या मॅनेजरला दहा वर्षांची उलाढाल दिसते. रिझर्व्ह बँकेनं किमान स्कोअर असा कुठला ठरवून दिलेला नाही, प्रत्येक बँक आपापलं बघते. पण खात्यात ते दिसायला हवं! हा गडी लग्नाचे पैसे रोखीत घेतो, रोखीत वाटतो, आणि खात्यात कायम चार हजार. सहा महिने सगळं बँकेतून फिरव म्हटलंय. दोन वर्षांचे रिटर्न भर, उत्पन्न कमी दाखवून कर वाचवलास तर तेवढंच कर्जही कमी मिळेल. आणि चातुर्मासात मुहूर्त नसतात, ते अधिकाऱ्याला आधीच सांग आणि तीन हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवून दाखव. हप्त्याची तारीख पगारदारांसारखी 5 नको, पार्ट्यांकडून पैसे ज्या सुमारास येतात ती माग. एक हप्ता परतला की बाउन्सचा दंड तर लागतोच, रिपोर्टात पुन्हा चौकट भरते.

दरम्यान पंचवीसेक हजारांची एफडी ठेवून त्यावर मिळणारं कार्ड घे, गॅस आणि किराणा तेवढा त्यावर, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, आणि बिल पूर्ण भर. "किमान रक्कम" भरायची नाही. हे ऐकताना तो मान डोलवत होता, आणि त्याच्या मान डोलवण्याची किंमत तुला-मला ठाऊक आहे. म्हणून कागदावर लिहून वहिनीच्या हातात दिलं.

आता जे मला खातंय ते. जाताना दारात त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही जामीन राहाल का?" मी नाही म्हटलं. चेहरा पडला त्याचा, अगदी नाटकातला फेटा सुटला तेव्हा पडला होता तसा. आता तो तुझ्याकडे येणार, आणि तू हो म्हणणार, कारण तू नेहमीच हो म्हणतेस. मंदे, ऋचाचं कर्ज मंजूर होऊन पहिला हप्ता कॉलेजकडे जाईपर्यंत तरी कुठेही सही करू नकोस. राग आला तर माझ्यावर काढायला सांग त्याला, मी मिरजेतच आहे.

ऋचाचा व्हिसा कधी? भाऊजींची बदली रद्द झाली का? तुझ्या नव्या ओट्याचे फोटो पाठव, ग्रॅनाइट काळंच घेतलंस ना शेवटी?

तुझं पहिलं काम: लोखंडी कपाटात ते तडजोडीचं पत्र असेल, बहुतेक आईच्या पॉलिसीच्या फायलीत. त्यावरचा खाते क्रमांक मला हवा, विज्याकडची प्रत पावसात गेली.

तुझी,
सुली

ता. क. पत्राच्या मागच्या बाजूचाही फोटो काढ, अटी तिथे छापलेल्या असतात. आणि विज्या गाडी बघायला जाईल तेव्हा त्याला आठवण कर: आरसीवर आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 झाल्याशिवाय बयाणासुद्धा द्यायचा नाही. गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 त्यानंतर.