'इतर सुधारणा' म्हणजे काय, ते सांगणाऱ्या ताईंना

इंदूर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई'. रामबाग, सियागंज आणि मालवा मिल भागातल्या आम्हा किराणा-नमकीनवाल्यांची बिलं आज सरळ निघताहेत, ती तुमच्यामुळे. पत्र उघडं लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं आणखी कुणाच्या काउंटरवर उपयोगी पडेल.

२२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. पाकिटबंद नमकीन, तूप, लोणी, बदाम १२ टक्क्यांवरून ५वर. अंगाच्या साबणाच्या वड्या, शाम्पू, टूथपेस्ट १८वरून ५वर. (सुटी शेव आधीपासूनच ५ टक्क्यांत होती, म्हणून तिचं काही बिघडलं नाही. इंदुरात ही मोठीच मेहरबानी.) दर ठरवणाऱ्या जीएसटी कौन्सिलचा निर्णय ३ सप्टेंबरचा. बिलिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीला अडीच आठवडे मिळाले होते. तरी अपडेट आलं अगदी काठावर, आणि सोबत एकच ओळ: 'नवीन दर व इतर सुधारणा'. त्या 'इतर'मध्ये काय दडलंय, ते आम्हाला कंपनीकडून नाही, तुमच्याकडून कळलं.

मुख्य घोटाळा तुम्ही बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर दोन चौकटी काढून समजावलात. बिल साठवताना कराचा दर त्या बिलाच्या ओळीतच लिहून ठेवायचा, ही एक रीत. दर वेळी मालाच्या यादीतून दर उचलायचा, ही दुसरी. आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या रीतीचं निघालं, आणि यादीत 'या तारखेपासून' असा रकानाच नव्हता. त्यामुळे १० सप्टेंबरचं बिल उघडून पुन्हा सेव्ह केलं की १०० रुपयांच्या पाकिटबंद मालावरचे १२ रुपये गुपचूप ५ व्हायचे. गिऱ्हाइकाच्या हातात ११२चा कागद, आमच्या वहीत १०५. त्यात हेल्पलाइनचं प्रत्येक तक्रारीवर एकच औषध: 'डेटा दुरुस्ती चालवा'. ती चालवली की एकेक बिल नव्हे, सगळा महिनाच नव्या दराने मोजला जायचा. 'दुरुस्तीचं बटण कुणीही दाबू नका,' हा तुमचा निरोप ज्यांना वेळेत मिळाला, त्यांचं निम्मं काम वाचलं.

ओळखायची खूणही तुमचीच. १ ते २१ सप्टेंबरचा दरवार गोषवारा काढायचा. १२च्या रकान्यात शून्य दिसलं की समजायचं, बिलं बदलली गेली. ऑगस्टसाठी तर भरलेलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) साक्षीला होतंच. जीएसटीच्या पोर्टलवरून ते उतरवून घेऊन वहीशी ताडून पाहायचं. आणि २२ तारखेआधी विकलेला माल परत आला, तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची वजावटीची चिठ्ठी) जुन्या दरानेच, मग ती ऑक्टोबरात का निघेना. त्यासाठी यादीत '१२ जुना' अशी वेगळी नोंद ठेवायला लावलीत. ती अजून ठेवलीय.

दुसरी गोष्ट पैशांपेक्षा अब्रूची होती. 'किमतीत कर समाविष्ट' या खुणेला अपडेटने हातच लावला नाही. ५० रुपयांच्या पाकिटात पूर्वी मूळ किंमत ४४ रुपये ६४ पैसे आणि कर ५ रुपये ३६ पैसे. दर ५ झाल्यावर ते पाकीट ४६ रुपये ८७ पैशांना जायला हवं. सॉफ्टवेअर मात्र ५० कायम धरून मूळ किंमतच ४७ रुपये ६२ पैसे करत होतं. म्हणजे कर उतरला आणि गिऱ्हाइकाला दमडीचा फायदा नाही. कंपनीचं नाव बिलावर कुठे असतं? असतं ते दुकानाचं. तुम्ही १२ टक्क्यांच्या मालाच्या यादीतल्या किमती एक्सेलमध्ये काढून, १.१२ने भागून, १.०५ने गुणून परत भरायला शिकवलंत. आधी पाच वस्तूंवर, मग सगळ्यांवर.

जुन्या आवृत्तीवर परत जायचं, तर नुसती जुनी आवृत्ती पुन्हा टाकून भागत नाही, हेही कंपनीने सांगितलं नव्हतं. नव्या आवृत्तीत डेटा एकदा उघडला की त्याची घडणच बदलते. मग जुनी आवृत्ती तो वाचत नाही. उपाय एकच, २१च्या रात्रीचा बॅकअप. ज्यांचा बॅकअप त्याच डिस्कवर होता, त्यांना तुम्ही रागावलात, ते बरं केलंत. आता डेटाचा अख्खा फोल्डर दोन पेनड्राइव्हवर जातो, एक दुकानात आणि एक घरी. तो सॉफ्टवेअरमधल्या 'तपासणी' नावाच्या वेगळ्या कंपनीत (म्हणजे वेगळ्या हिशेब-खात्यात) उघडून आदल्या दिवसाची बेरीज जुळल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं नाही. जुना डेटा परत चढवल्यावर २२ ते २४ची बिलं छापील कागदांवरून हाताने भरावी लागली. थर्मल कागदावरची अक्षरं उडतात म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्या बिलांचे फोटो काढून ठेवायला लावले होते, नाहीतर काय भरलं असतं?

दोन काउंटरवाल्यांचा घोळ वेगळाच. एका संगणकावर नवी आवृत्ती, दुसऱ्यावर जुनी, आणि दोन्हीकडून एकाच नंबरची बिलं. तुम्ही त्यांना हाताच्या बिलबुकाची वेगळी मालिका धरायला सांगितलीत. नियमात एकाहून जास्त मालिका चालतात. फक्त नंबर १६ अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये.

प्रिंटरचं थोडक्यात. 'लौंग सेव'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापून यायची. प्रिंटर बिघडलेला नव्हता. अपडेटने छपाई ग्राफिकवरून मजकुरावर नेऊन ठेवली होती, आणि छोट्या बिल-प्रिंटरच्या पोटात सहसा देवनागरी अक्षरं नसतात. छपाई विंडोजच्या ड्रायव्हरवरून ग्राफिकमध्ये आणि कागदाची रुंदी ८० मिलिमीटर केली, झालं. नवा प्रिंटर घ्यायला निघालेले दोघे जण अर्ध्या वाटेतून परतले.

पण आभार सगळ्यात जास्त त्या तक्रारीचे. आम्ही सगळे 'चालत नाही, लवकर करा' एवढंच कळवत होतो आणि 'आपली गैरसोय आम्हाला समजते' एवढंच परत येत होतं. तुम्ही एका तक्रारीत एकच दोष घातलात: आवृत्तीचा क्रमांक, बिलाचा नंबर, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि दोन्हींचे फोटो. खाली तीन प्रश्न. जुनी बिलं बदलतात का? मागे जाता येतं का? दुरुस्ती कोणत्या तारखेला? उत्तर त्या एकाच पत्राला आलं. त्यानंतर कंपनीने गाजावाजा न करता दुसरं अपडेट सोडलं, तेव्हा क्रमांक तोच पण फाइलची तारीख वेगळी, हेही तुमच्याच नजरेला पडलं.

आणि ज्याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं, तिथे 'मला ठाऊक नाही, सकाळी बघून सांगते' असं म्हणालात, आणि सकाळी खरंच सांगितलंत. त्या आठवड्यात असं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. ११ ऑक्टोबरच्या आत सगळ्यांची विवरणं भरली गेली.

आपले ऋणी,
रामबाग, सियागंज व मालवा मिल भागातले काही दुकानदार

ता. क. काल पुन्हा 'अपडेट उपलब्ध' असं आलंय. कुणीही दाबलेलं नाही. पेनड्राइव्ह दोन्ही भरलेत, 'तपासणी'त बेरीज जुळलीय. तुमच्या फोनची वाट बघतोय.